सहाशे वर्षांपूर्वीचा जमीनदार कुणाचा कोण? इंग्लंडमध्ये वंशावळ अशी शोधतात

२०१६ साली ब्रिटनमधल्या एका लोकप्रिय टीव्ही कार्यक्रमात डॅनी डायर या अभिनेत्याला कळलं, की तो राजा तिसरा एडवर्ड याचा थेट वंशज आहे. डायर पूर्व लंडनच्या कामगार वस्तीत वाढलेला, आणि तिसरा एडवर्ड वारला १३७७ साली. अशी बातमी वाचली की मनात पहिला प्रश्न अगदी साधा येतो. तेव्हा जन्मदाखले नव्हते, शाळा सोडल्याचे दाखले नव्हते, रेशनकार्ड नव्हतं. मग इतक्या जुन्या काळातला बाप-लेकाचा दुवा कुणी जोडला आणि कशावरून?

राजाचं एक वेळ समजू शकतं. त्याच्या घरात कोण जन्मलं, कोण गेलं हे लिहून ठेवायला पदरी माणसं होती. खरा कस लागतो तो दोन-चार गावं बाळगून असलेल्या मधल्या जमीनदाराचं घराणं शोधताना. तो इतिहासाच्या पुस्तकात नसतो, पण त्याच्यामागे कागद मात्र भरपूर उरलेला असतो. हा लेख त्या मधल्या माणसाबद्दल आहे.

जन्मनोंद नाही, मग आहे काय?

इंग्लंडमध्ये चर्चनं बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंदवही ठेवावी असा हुकूम निघाला १५३८ साली. त्याआधी सर्वसामान्य जन्मनोंद नावाची गोष्टच नव्हती. म्हणून १५३८ च्या अलीकडचं घराणं शोधणं आणि पलीकडचं शोधणं ही दोन वेगळी कामं आहेत.

पलीकडे जाताना माणसाचा माग सोडून जमिनीचा माग धरावा लागतो. वारसनोंदीसाठी तलाठी कार्यालयात खेटे घातलेल्या कुणालाही हे पटकन समजेल. सात-बाऱ्यावर आजच्या मालकाचं नाव दिसतं. आजोबा-पणजोबांपर्यंत पोचायचं तर एकेक फेरफार काढत मागे जावं लागतं, आणि प्रत्येक फेरफारात 'अमुक मयत, वारस तमुक' असं लिहिलेलं असतं. कुणी घराण्याचा इतिहास लिहायला बसलेलं नसतं. जमीन एका हातातून दुसऱ्या हातात गेली, त्याची ती नोंद असते. नातं त्यात ओघानं येतं. मध्ययुगीन इंग्लंडमध्येही नेमकं हेच घडलं.

जमीन शेवटी राजाची

१०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं आणि सगळी जमीन तत्त्वतः राजाची झाली. राजा ती आपल्या सरदारांना द्यायचा, सरदार आपल्या हाताखालच्यांना, ते आणखी खालच्यांना. प्रत्येक पायरीवर बदल्यात काही ना काही देणं असायचं: लढाईला घोडेस्वार, ठरावीक रक्कम किंवा शेतावरचं काम. या उतरंडीतला गावपातळीचा एकक म्हणजे मॅनर. जमीनदाराचा वाडा, त्याची स्वतःची शेती, कुळांची शेती आणि गावचं छोटं न्यायालय, एवढं सगळं मिळून एक मॅनर.

विल्यमनं १०८५ च्या नाताळात देशभर पाहणीचा हुकूम दिला आणि १०८६ मध्ये ती झाली. तेच प्रसिद्ध डोम्सडे बुक. तेरा हजारांहून अधिक ठिकाणांबद्दल त्यात विचारलेलं आहे: आधीच्या राजाच्या वेळी हे कुणाकडे होतं, आता कुणाकडे आहे, नांगर किती, गिरण्या किती, उत्पन्न किती. हा ग्रंथ आज लंडनच्या क्यू भागात राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. पण वंशावळीसाठी त्यावर फार भिस्त ठेवता येत नाही. बहुतेकांचं एकच नाव लिहिलेलं आहे आणि बापाचा उल्लेख क्वचित येतो. 'आमचं घराणं डोम्सडेमध्ये आहे' असं सांगणारे बहुतेक वेळा गावाच्या नावावर बोट ठेवत असतात.

माणूस मेला की सुरू होणारा कागद

वंशावळ शोधणाऱ्याला खरा खजिना सापडतो तो तेराव्या शतकात. साधारण १२३६ पासून मरणोत्तर चौकशीचे कागद शिल्लक आहेत. थेट राजाकडून जमीन धरणारा माणूस वारला, की राजाचा अधिकारी त्या जिल्ह्यात जायचा. तो आसपासच्या माहीतगार माणसांना बोलावून शपथेवर विचारायचा: मयताकडे कोणती जमीन होती? कुणाकडून आणि कोणत्या अटीवर? वर्षाला किती उत्पन्न? मृत्यू कोणत्या दिवशी झाला? आणि जवळचा वारस कोण, त्याचं वय काय?

शेवटचा प्रश्न राजाच्या फायद्याचा होता. वारस मुलगा २१ वर्षांच्या आतला असेल, तर तो सज्ञान होईपर्यंत जमिनीचं उत्पन्न राजाकडे जायचं आणि त्याचं लग्न कुणाशी लावायचं हा हक्कही. हे हक्क राजा विकायचासुद्धा. म्हणजे नातं आणि वय अचूक लिहिण्यात सरकारी तिजोरीचा स्वार्थ होता, आणि त्या स्वार्थामुळेच आज आपल्याला 'जॉन, वय २१ आणि अधिक, मयताचा मुलगा आणि वारस' असं वाचायला मिळतं. 'आणि अधिक' हे शब्द विसरू नयेत. वारस तिशीचा असला तरी कारकून तेवढंच लिहून मोकळा व्हायचा.

पुढे तो मुलगा सज्ञान झाला की वय सिद्ध करायची वेगळी सुनावणी व्हायची, आणि ती मला या सगळ्या दप्तरातली सर्वांत जिवंत गोष्ट वाटते. गावातली माणसं येऊन सांगायची की याचा बाप्तिस्मा झाला तो दिवस मला का आठवतो. त्याच दिवशी माझी मुलगी जन्मली. त्याच आठवड्यात मी घोड्यावरून पडून पाय मोडून घेतला. त्या दिवशी मी माझ्या बापाला पुरलं. 'पूर आला त्या साली', 'प्लेगच्या साथीत' असं वय सांगणारी आपल्याकडची जुनी माणसं आठवावीत. मात्र या साक्षी वाचताना सावध राहावं लागतं. काही प्रकरणांत तेच पाय मोडणं आणि तेच बारसं इतक्या ठरावीक शब्दांत येतं, की कारकुनानं जुना मसुदा समोर ठेवून लिहिलं असावं हे उघड दिसतं.

एका चामड्याचे तीन तुकडे

जमीन विकताना किंवा मुलाच्या नावे करताना लोक राजाच्या न्यायालयात एक लटका दावा लावायचे आणि मग तडजोड करायचे. त्या तडजोडीला फाइन म्हणत; दंडाशी तिचा संबंध नाही. एकाच चर्मपत्रावर तोच मजकूर तीनदा लिहायचा. वरच्या भागात दोन प्रती शेजारीशेजारी, तिसरी तळाशी आडवी. मग मधून नागमोडी रेषेत कापायचं. वरच्या दोन प्रती दोन्ही पक्षांना, तळाची न्यायालयाला. पुढे कुणी खोटी प्रत आणली तर तिची कड तळाच्या तुकड्याला जुळणार नाही. न्यायालयाकडचे हे तळाचे तुकडे ११९५ पासून जपून ठेवलेले आहेत आणि ही पद्धत १८३३ पर्यंत चालली. त्यांत 'अमुक आणि त्याची बायको', 'अमुकचा मुलगा तमुक' अशी नाती पदोपदी भेटतात.

जमीनदाराच्या खालच्या माणसाचं काय? त्याच्यासाठी मॅनरच्या न्यायालयाच्या गुंडाळ्या आहेत. कूळ मेलं की त्याच्या घरातलं उत्तम जनावर जमीनदार घ्यायचा, वारस नजराणा भरायचा, आणि हे सगळं गुंडाळीत लिहिलं जायचं. ज्या गावच्या गुंडाळ्या टिकल्या, तिथे एखाद्या शेतकरी घराच्या सलग चार-पाच पिढ्या मांडता येतात. जिथे उंदरांनी किंवा ओलीनं खाल्ल्या, तिथे शोध संपतो.

नाव एक, घराणी अनेक

नवशिके हमखास फसतात ते आडनावात. इंग्लंडमध्ये आडनाव बापाकडून मुलाकडे जाणं रूढ झालं ते साधारण १२५० ते १४०० या काळात. त्याआधी 'पॅस्टनचा विल्यम' म्हणजे पॅस्टन गावात राहणारा किंवा तिथून आलेला विल्यम, एवढंच. आपल्याकडे दोन नाशिककर एकमेकांचे भाऊबंद असतीलच असं नाही, तसंच हे.

नात्याचे शब्दही दगा देतात. कागदपत्रं बहुतांश लॅटिनमध्ये, आणि लॅटिनमधला 'नेपोस' हा शब्द नातवालाही चालतो आणि पुतण्या-भाच्यालाही. एका शब्दाचा अर्थ चुकला की अख्खी पिढी गळते किंवा वाढते. तारखांचंही तसंच. 'राजा तिसरा एडवर्ड याच्या कारकिर्दीचं पाचवं वर्ष, सेंट मायकेलच्या सणानंतरचा गुरुवार' असं लिहिलेलं असतं. शिवाय इंग्लंडात वर्ष २५ मार्चला बदलायचं, आणि ही पद्धत १७५२ पर्यंत टिकली. म्हणजे त्यांचा एखाद्या वर्षाचा फेब्रुवारी हा आपल्या हिशेबानं पुढच्या वर्षाचा फेब्रुवारी. शुहूर सन आणि राज्याभिषेक शक इसवी सनात बसवताना आपल्या इतिहास संशोधकांना जी कसरत करावी लागते, तीच ही. आणि लिपी? शब्द निम्मे तोडून वर आडवी रेघ मारलेली. मोडी वाचायला शिकलेल्याला या कारकुनांची घाई ओळखीची वाटेल.

पॅस्टन घराणं: दोन कागद, दोन पूर्वज

आता एक खरं घराणं घेऊ. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याला नॉरफोक जिल्ह्यात पॅस्टन नावाचं गाव आहे. तिथल्या पॅस्टन घराण्याची पंधराव्या शतकातली हजाराच्या आसपास पत्रं आणि कागद शिल्लक आहेत. बहुतेक आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. एका मध्यम जमीनदार घराचं इतकं जवळून दर्शन त्या काळात दुसरीकडे क्वचितच होतं.

घराण्याचा मूळपुरुष कोण, याचे दोन कागद आहेत. पहिला शत्रुपक्षाकडचा. त्यात लिहिलंय, की पॅस्टनला क्लेमंट पॅस्टन नावाचा एक साधा चांगला शेतकरी राहायचा. उन्हाळा-हिवाळा तो स्वतः नांगरामागे चालायचा. धान्याचं पोतं खाली घालून, खोगिराशिवाय घोड्यावर बसून गिरणीला जायचा आणि तसाच पीठ घेऊन परत यायचा. धान्याची गाडी विंटरटनला विकायला न्यायचा. जमीन फार तर १०० ते १२० एकर, आणि त्यातली बरीचशी गिमिंगहॅमच्या मॅनरची भूदासकीची, म्हणजे धन्याला बांधलेल्या कुळाची. बायकोही भूदासाच्या घरातली. त्यानं मुलाला, विल्यमला, शाळेत घातलं, आणि त्यासाठी अनेकदा पैसे उसने घेतले.

हा क्लेमंट १४१९ साली वारला. त्याचा तो उसन्या पैशांवर शिकलेला मुलगा वकील झाला, १४२९ मध्ये राजाच्या न्यायालयात न्यायाधीश झाला आणि त्यानं मॅनरवर मॅनर विकत घेतले. त्यातला ग्रेशमचा मॅनर त्यानं विकत घेतला तो कवी चॉसरच्या मुलाकडून. न्यायाधीश विल्यम १४४४ साली गेला. त्याचा मुलगा जॉन हाही वकील, सर जॉन फास्टॉल्फ या श्रीमंत आणि निपुत्रिक योद्ध्याचा सल्लागार. ५ नोव्हेंबर १४५९ ला फास्टॉल्फ वारला, आणि जॉननं सांगितलं की मृत्यूच्या दोन दिवस आधी त्यांनी तोंडी मृत्युपत्र करून केस्टरचा किल्ला आणि नॉरफोक-सफोकमधली जमीन मला दिली. मग मोठमोठे सरदार त्याच्या जिवावर उठले. जॉनला लंडनच्या फ्लीट तुरुंगात तीनदा जावं लागलं.

इथे वंशावळ हत्यार बनते. भूदासाची मालमत्ता कायद्यानं त्याच्या धन्याची. गिमिंगहॅमची जहागीर लँकेस्टरच्या डचीची, म्हणजे व्यवहारात राजाची. क्लेमंट भूदास ठरला असता, तर पॅस्टनांची सगळी मिळकत धोक्यात आली असती. तो शत्रुपक्षाचा कागद हौसेनं लिहिलेला नव्हता. प्रत्येक ओळीत जमिनीवर डोळा होता. पोतं, खोगीर, उसने पैसे हे बारकावे आज वाचताना जीव लावतात. लिहिणाऱ्याला मात्र त्यांतून एकच दाखवायचं होतं, की ही माणसं आपल्या बरोबरीची नाहीत.

दुसरा कागद राजाचा आहे. जॉन मे १४६६ मध्ये वारला आणि जुलैमध्ये राजा चौथा एडवर्ड यानं जाहीर केलं, की पॅस्टन हे १०६६ च्या नॉर्मन विजयाच्या काळापासून प्रतिष्ठित रक्ताचे आहेत. घराण्यानं पुरावे दाखवले होते: जुनी खरेदीखतं, न्यायालयाच्या गुंडाळ्या, तिसऱ्या हेन्रीच्या काळातले फाइन, ब्रॉमहोमच्या मठाला दिलेल्या देणग्या. आणि मूळपुरुष कोण? फ्रान्सहून आलेला वुल्स्टन.

आजचे इतिहासकार या वंशावळीवर विश्वास ठेवत नाहीत. मला तर त्या एका नावावरच थांबावंसं वाटतं. वुल्स्टन हे जुनं अस्सल इंग्रजी नाव. विजेत्यांबरोबर फ्रान्समधून आलेल्या माणसाचं नाव जिंकलेल्यांच्या भाषेतलं कसं? जुन्या खतांमध्ये 'पॅस्टनचा अमुक' असं कुणी सापडलं असेलही, कारण त्या गावात पिढ्यान्‌पिढ्या माणसं राहत होती. तो क्लेमंटचा आजा होता हे कशावरून, याचं उत्तर मात्र कागदात नाही.

मग खरं कोणतं धरायचं?

शोधणारा प्रत्येक दुव्याला वेगळा पुरावा मागतो. विल्यम हा क्लेमंटचा मुलगा, हे शत्रू आणि मित्र दोघंही मान्य करतात; म्हणून तो दुवा पक्का. जॉन हा विल्यमचा मुलगा, हे घरच्या पत्रांतून, खटल्यांतून आणि मृत्युपत्रातून दिसतं, तोही पक्का. क्लेमंटच्या वर मात्र एकच पक्ष बोलतो, आणि तोही गरज पडल्यावर. तिथे वंशवृक्ष थांबवायचा. पुढच्या पिढ्यांना मोठेपण मिळालं, १६७९ मध्ये घराण्याला अर्ल ऑफ यार्मथ ही पदवी मिळाली, आणि १७३२ मध्ये दुसरा अर्ल वारसाविना गेल्यावर ती संपली. पण त्यानं क्लेमंटच्या आज्याचा पत्ता लागत नाही.

डीएनए तपासला की झालं, नाही का?

२०१२ साली लेस्टरच्या वाहनतळाखाली एक सांगाडा मिळाला. तो १४८५ मध्ये लढाईत मारल्या गेलेल्या राजा तिसरा रिचर्ड याचा असल्याचं सिद्ध झालं, त्यात डीएनएचा मोठा वाटा होता. रिचर्डच्या बहिणीची आईकडून-मुलीकडे जाणारी ओळ आधी कागदांवरून शोधली गेली, ती दोन हयात व्यक्तींपर्यंत पोचली आणि नमुने जुळले. म्हणजे आधी कागद, मग प्रयोगशाळा.

त्याच अभ्यासात बापाकडून-मुलाकडे जाणारी ओळही तपासली गेली, आणि ती जुळली नाही. कागदावरचा बाप आणि रक्ताचा बाप या लांबलचक साखळीत कुठेतरी वेगळे आहेत. कुठे, हे डीएनए सांगत नाही. शिवाय ज्याच्या हाडांचाच ठावठिकाणा नाही अशा जमीनदाराचा नमुना आणायचा कुठून?

आणि तिसरा एडवर्ड फक्त डायरचाच का?

नाही. दोन आईबाप, चार आजी-आजोबा, आठ पणजी-पणजोबा असं दुप्पट करत २४ पिढ्या मागे जा. आकडा १ कोटी ६७ लाखांवर जातो. १३७७ च्या सुमारास इंग्लंडची लोकसंख्या होती पंचवीस लाखांच्या आसपास. म्हणजे तेच पूर्वज वेगवेगळ्या वाटांनी पुन्हा पुन्हा येत असणार. इंग्लंडात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या बहुतेकांच्या अंगात तिसऱ्या एडवर्डचा वंश असणार, असंच हिशेब सांगतो. डायरला मिळाली ती वाट दाखवणारी कागदांची साखळी, आणि दुर्मीळ आहे ती हीच.

बायका कुठे गेल्या?

वंशवृक्ष बहुधा पुरुषांचा काढतात, पण जमिनीमागे गेलं की बायका भेटतात. मुलगे असले की थोरल्याला सगळं. मुलगा नसला तर मुलींमध्ये समान वाटणी. विधवेला नवऱ्याच्या जमिनीचा तिसरा हिस्सा हयातभर. त्यामुळे सून कुठल्या घरची आणि काय घेऊन आली, हे कागदात येतंच.

जॉन पॅस्टनची बायको मार्गारेट ही मॉटबी घराण्याची वारस. नवरा लंडनला खटल्यांत अडकलेला असायचा आणि ती इकडे मॅनर सांभाळायची. १४५० मध्ये ग्रेशमचं घर लॉर्ड मोलिन्सच्या माणसांनी भिंत पोखरून ताब्यात घेतलं, तेव्हा ती आत होती. ती १४८४ मध्ये गेली. दोन वर्षं आधी केलेल्या मृत्युपत्रात तिनं सांगून ठेवलं होतं, की मला मॉटबीच्या चर्चमध्ये माझ्या पूर्वजांशेजारी पुरा. नवरा ब्रॉमहोमला होता. कबरीच्या दगडाच्या चार कोपऱ्यांवर चार ढाली कोराव्यात: एकीवर नवऱ्याचं आणि आपलं चिन्ह, बाकीच्या तिघींवर मॉटबी घराणं ज्या घरांशी सोयरिकीनं जोडलं गेलं त्यांची. आणि मधोमध एकच ढाल, फक्त मॉटबीची.